नत्थू बोलून राहिला

नागपूर पॅसेंजरच्या गार्डानं चिठ्ठी आणून दिली, तेव्हा देवरावच्या रेल्वे क्वार्टरात रविवारच्या उपासनेसाठी चटया अंथरून झाल्या होत्या आणि चौदा माणसं दाटीवाटीनं बसली होती. देवरावनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. पाळकसाहेब तापानं फणफणले होते, या रविवारी येत नव्हते. खाली एकच ओळ होती, ‘माझ्यासाठी थांबू नका. बाळाला प्रभूपुढं धरा, नाव ठेवा.’

सगळ्यांच्या माना सत्यभामेकडं वळल्या. तिच्या मांडीवर दीड महिन्याची पोर झोपली होती. लग्नाला अकरा वर्षं उलटल्यावर झालेली.

“प्रार्थना मी करतो की,” शामसुंदर म्हणाला. तो नव्या पोलाद कारखान्याच्या ऑफिसात कारकून होता. प्रार्थना करायला लागला की एका दमात, कुठं न अडखळता करायचा.

दाराजवळ बसलेल्या नत्थूच्या जिवात जीव आला. पोरीचा बाप तोच.

“नाही,” सत्यभामा हळूच म्हणाली. “बापानं करावी. घरी तं पोरीशी तासन्‌तास बोलत बसतेत हे.”

नत्थूचे कान तापले. लहानपणापासून त्याची जीभ अडायची. कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष झालं नव्हतं. आत जाणाऱ्या नव्या सायडिंगचे रूळ टाकणाऱ्या गँगमध्ये तो होता, आणि तिथं ‘हो’ आणि ‘नाही’वर त्याचा दिवस निघायचा. ईस्टरला त्याला पवित्र शास्त्रातल्या दोन ओळी वाचायला सांगितल्या होत्या. पहिलाच शब्द फुटेना, तेव्हा पुस्तक मिटून तो खाली बसला होता. कुणी काही बोललं नाही, तेच त्याला जास्त लागलं. तेव्हापासून तो दाराशी बसायचा आणि शेवटचं गीत संपायच्या आत चपला पायात सरकवून निघून जायचा.

सत्यभामेनं पोर त्याच्यापुढं धरली. घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले.

“हे प्र—”

शब्द तिथंच रुतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ नुसतेच हलले. बाहेर शंटिंगचं इंजिन शिट्टी देऊन निघून गेलं, तरी ‘प्र’च्या पुढं काही येईना. शामसुंदरला ते बघवेना. मदत म्हणून त्यानं हळूच सुरुवात केली, “हे प्रभू, आम्ही तुझी लेकरं—”

“थांब ना बाप्पा,” मैनाबाई म्हणाली. ती पॉइंट्समनची विधवा, त्या चौदा जणांत सगळ्यात म्हातारी. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. “नत्थू बोलून राहिला.”

“अहो मावशी, पण ते तर...”

“बोलून राहिला म्हणते ना मी! तुले कायची घाई? आमाले नाही. देवाले तं मुळीच नाही.”

शामसुंदरनं पुन्हा डोळे मिटले. स्वयंपाकघरात चहाचं दूध उतू गेलं. सूंऽऽ आवाज झाला, करपट वास आला. देवरावची बायको राधाबाई दुधाचा थेंब वाया जाऊ न देणारी. पण तिनं एक डोळा उघडला, चुलीच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला. जागची हलली नाही.

ते नत्थूनं पाहिलं. ही माणसं खरंच बसणार होती. तो म्हणेल तोवर बसणार होती. त्याचे आखडलेले खांदे सैल झाले.

“प्रभू,” तो म्हणाला. “अ-अकरा वर्सं मागितलं आमी. तू... उशिरा देल्लं. पण देल्लं.”

“होय, प्रभू,” मैनाबाई पुटपुटली.

“हे पोरगी तुहीच. आमाले स-सांभाळायले देल्ली. हिले... खोटं बोलू देऊ नको. अन् कोणी मा-मागं राहिलं, तं... हिले त्याच्यापाशी थांबायले शिकव.”

आता नाव राहिलं होतं. सोप्या नावांची काही कमी नव्हती, सत्यभामेनं चार सुचवलीही होती. पण त्याच्या मनात एकच नाव होतं, आणि नेमकं ‘क’ हे त्याच्या जिभेचं जुनं दुखणं.

“हिचं नाव कृ—” त्यानं श्वास घेतला. “कृ—” पोर छातीशी घट्ट धरली. “कृपा!”

“आमेन!” चौदा जणांनी असा काही आवाज चढवला, की पोर दचकून उठली आणि भोकाड पसरून रडू लागली. राधाबाई उठून चुलीकडं धावली. मैनाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “तीनदा ठेवलं नाव पोरीचं. आता कोणाच्यानं पुसलं जात नाही ते.”

चहा बिनदुधाचाच झाला. शामसुंदर स्वतः दोन कप घेऊन नत्थूजवळ आला. “चुकलं माझं, नत्थूभाऊ. पुढच्या रविवारी पण प्रार्थना तुम्हीच करा.”

नत्थूनं घोट घेतला. विचार केला. बोलणी थांबली. सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

“क-करतो,” तो म्हणाला. “पण येतानी... ज-जेवणाचे डबे घेऊन या. सं-संध्याकाळ होईल.”

हसावं की नाही, कुणालाच कळेना. मग नत्थूच आधी हसला, पोट धरून. त्याच्यामागं सत्यभामा, मग मैनाबाई, मग सगळं क्वार्टर. शेजारचा सरदारजी फायरमन ड्यूटीवर निघाला होता, तो चालता चालता थांबला आणि खिडकीतून आत डोकावला.

“क्यों भाई,” त्यानं विचारलं, “आज कौन-सा त्योहार है आप लोगों का?”