तिनाचा आठ

चांदभाईंनी रॉकेलात भिजवलेली चिंधी इंजिनावरून फिरवली. काळा चिकटा निघून गेला आणि धातूत ठोकलेले आकडे दिसू लागले. त्यांवर पातळ कागद धरून त्यांनी पेन्सिल आडवी घासली. नंबर कागदावर उमटला. हँडलखालच्या मानेवरचा चेसिस नंबर त्यांनी आधीच असा उतरवून घेतला होता. दोन्ही नंबर आरसी बुकाशी आकड्याला आकडा जुळत होते.

गाडी जावा मोटारसायकल होती, चौसष्ट सालची. घेणारा सूर्यभान दूध सोसायटीचा सेक्रेटरी. तो गॅरेजातल्या बाकड्यावर बसून होता. विकणाऱ्या मुक्ताबाई पदर सावरून दाराशी उभ्या होत्या. त्यांचे मालक गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. संगमनेर आणि अकोले तालुक्यांतल्या गावांत ते याच गाडीवरून जनावरांना लस टोचायला जायचे. गेल्या थंडीत ते वारले.

सूर्यभाननं आल्या आल्या सांगितलं होतं, की परवा गोरक्षनं गाडी पाहिली आणि ती अस्सल आहे म्हणाला. तरी घरच्यांचं समाधान होईना, म्हणून इथं आणली. चांदभाईंनी पुढचं नीट ऐकलंच नाही. गोरक्षचं नाव निघालं आणि त्यांच्या तोंडाची चव गेली.

वीस वर्षं तालुक्यात जुनी गाडी घ्यायची तर चांदभाईंचा अंगठा फिरल्याशिवाय सौदा होत नव्हता. कुठल्या नंबरापासून कुठलं साल सुरू होतं, हे त्यांना तोंडपाठ. आकड्यांवर कानस लागलेली असली की त्यांना न पाहता कळायचं. गोरक्ष त्यांच्याच हाताखाली अकरा वर्षं शिकला. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्टँडजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं आणि माणसं तिकडं वळली. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी चांदभाई बिडीचं निमित्त काढून स्टँडवर गेले आणि गोरक्षच्या दारातल्या गाड्या मोजून आले. सतरा होत्या. त्यांच्या स्वतःच्या दारात दोन. लोक कौतुकानं म्हणायचे, गोरक्ष अगदी चांदभाईंसारखं बघतो. ते त्यांना शिवीपेक्षा जास्त लागायचं.

आता त्यांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. कडा जशाच्या तशा होत्या. आकडे एका ओळीत, एका खोलीचे. कुठं कानस नाही, कुठं भर नाही. नंबर कारखान्यातून आला तसाच होता.

ते उठले. हात पुसत म्हणाले, "हा आठ न्हाई. तिनाचा आठ केलाय कुनीतरी."

सूर्यभान ताडकन उठून उभा राहिला. चांदभाईंच्या मनात त्या घडीला एकच चित्र होतं. संध्याकाळपर्यंत गोष्ट स्टँडवर पोचेल, गोरक्ष फसला म्हणून लोक बोलतील आणि गाड्यांची रांग पुन्हा इकडं वळेल. दाराशी उभ्या असलेल्या बाईचा विचार त्यांनी केलाच नव्हता. तो सूर्यभाननं करायला लावला. तो म्हणाला, नंबर बदललेला म्हणजे माल चोरीचा. मी संस्थेचा माणूस, मला गप्प बसता येणार नाही, पोलिसांत कळवावं लागेल.

मुक्ताबाई रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या मालकांनी जल्मात कुनाची सुतळीसुदीक उचलली न्हाई."

चांदभाईंना काहीतरी बोलायचं होतं. एवढ्यात सूर्यभान चांदभाईंच्याच सायकलवर टांग टाकून गेला आणि पाचच मिनिटांत गोरक्षला घेऊन आला.

गोरक्ष गाडीपाशी उकिडवा बसला. त्यानं आकड्यांवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, चांदभाईंनी शिकवला होता तसा. मग मान वर करून उस्तादाकडं पाहिलं. चांदभाई पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधू लागले.

सूर्यभाननं विचारलं, तू तर अस्सल म्हणाला होतास, आता काय म्हणणं आहे तुझं?

गोरक्ष उठला. "चांदभाई म्हनत्यात तर आठ खोटाच असंल. पर बाईंना कशाला चौकीत न्हेता? दोन वर्सांमागं हे इंजिन माझ्याच गॅरेजात उघडलं हुतं. काय झालं असंल ते माझ्या छपराखाली झालं. माझं नाव लिव्हा."

रस्त्यावरून नाशिकची एसटी गेली, तिचा धुरळा आत आला. अकरा वर्षांत गोरक्षनं एक नट-चाकी तरी खिशात घातली असेल का, हे चांदभाईंना विचारावं लागणार नव्हतं. सूर्यभान खिशातून पेन काढत होता.

"थांबा," चांदभाई म्हणाले. "आठ आठच हाय. मी खोटं बोललो." मग मुक्ताबाईंकडं न पाहता, मान खाली घालून त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मालकांचा काहीही दोष नाही, गाडी पूर्ण अस्सल आहे, आणि हवं तर तसं ते लिहून देतील.

सूर्यभाननं त्यांच्याकडून खरंच तसं लिहून घेतलं, आणि मुक्ताबाईंना बरोबर घेऊन, गाडी ढकलत तो बाहेर पडला. जाताना त्या बाईनं चांदभाईंकडं वळूनही पाहिलं नाही.

गोरक्ष मागंच राहिला होता. चांदभाई बाकड्यावर बसले. पोरा, मी म्हटलं म्हणून तू स्वतःचं नाव चोरीत घालायला निघालास, माझ्यावर एवढा कसा रे विश्वास ठेवलास, असं त्यांनी विचारलं.

गोरक्षनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"इस्वास नव्हता, उस्ताद. तुमी खोटं बोलताय हे मला तवाच कळलं. तुमचा अंगठा चुकतच न्हाई."