कोळ्यामागचं

"पुन्हा माझ्या फाटकात पाऊल ठेवायचं नाही!" रसिका भिंतीवरून ओरडली.

पलीकडे भामाबाई ओले कपडे घेऊन उभ्या होत्या. "मी काय केलं वो? सुरवंट कपड्यांवर पडतात म्हणून बडबडले, हौ. पण झाडाला कशाला मारू?"

"मग मुळाशी ॲसिडचा वास कुठून येतो?"

उत्तराला रसिका थांबलीच नाही. पुण्याहून हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या या बैठ्या घरात आल्यावर तिचा जीव रमला तो फक्त अंगणातल्या शेवग्यामुळे. ऑफिस सुटलं की कॅमेऱ्याला जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स लावून ती त्याच्यावरच्या कोळ्यांसमोर, मुंग्यांसमोर बसलेली असायची. आता झाड वाळून काटकी झालं होतं. एकच फांदी हिरवी होती. म्हातारीचं तोंडही बघू नये असं तिला झालं होतं.

"मेलं तर मेलं," तिचा नवरा कौस्तुभ म्हणाला. "रस्त्यावर गाडीला रोज ओरखडे पडतात, ती तरी आत लागेल." त्याला झाडाची काडीची माया नव्हती. पण भामाबाईंवर पहिला संशय त्यानंच घेतला होता, आणि निदान तेवढ्यापुरता तो तिला आपल्या बाजूचा वाटत होता.

रविवारी सकाळी हिरव्या फांदीवरचा कोळी कात टाकायच्या बेतात होता. रसिकानं जाळ्यावर पाण्याचे थेंब फवारले. कॅमेरा स्टँडवर चढवला आणि थोड्या थोड्या वेळानं आपोआप फोटो निघतील असा लावून ठेवला.

"हात लावू नकोस हं. फोटो निघताहेत," असं बजावून ती आंघोळीला निघाली.

"निघू देत. कोळ्यामागचं त्यात काही दिसतं का कधी? सगळं धूसर!" कौस्तुभ हसला. तिचे फोटो बघून बघून एवढं त्यालाही कळायला लागलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा मुळाशी पुन्हा तोच उग्र वास होता. कौस्तुभ भिंतीपाशी हात उगारून गरजत होता. "आत्ताच ओतलंय! आज पोलिसांतच देतो तुम्हाला!"

"देवाशप्पथ वो, मी आत्ता देवळातून येतेय," भामाबाई रडत होत्या.

रसिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी सवयीनं तिनं आधी कॅमेरा उचलला. कात अर्धी निघाली होती. मागचं सगळं धूसर. फोकस नीट बसलाय का बघायला तिनं कोळ्याशेजारचा थेंब मोठा केला.

थेंबात अख्खं अंगण उलटं लटकत होतं. भिंत, फाटक, शेवग्याचं खोड, सगळं बारीक आणि स्वच्छ. खोडाशी कुणीतरी पांढरा डबा घेऊन वाकलं होतं. तिनं कॅमेराच उलटा धरला. पिवळा टी-शर्ट. समोर भिंतीपाशी तोच पिवळा टी-शर्ट ओरडत होता.

"कौस्तुभ," ती म्हणाली, "कोळ्यामागचं दिसतं."

तो वळला. कॅमेरा पाहून त्याचा हात खाली आला.

रसिकानं भिंतीवरून कॅमेरा भामाबाईंच्या हातात दिला. "उलटा धरा, म्हणजे ओळखाल. आणि फाटकातून खुशाल या, भामाबाई. त्या फाटकातून बाहेर जायचंय ते दुसऱ्याच कुणाला."