उमेदवाराचं स्वयंपाकघर

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि छापखानेवाल्याच्या नगरसेवकपदाच्या स्वप्नावर पाणी पडलं. पण गप्प बसेल तर तो कसला! त्यानं बायकोलाच उभं केलं. “तू फक्त सही कर, बाकीचं मी बघतो,” म्हणाला, आणि रोज संध्याकाळी घरात चार मित्रांचा दरबार भरवू लागला.

निवडणुकीचे नियम मात्र त्याला तोंडपाठ. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो तिला बजावायचा, “हे बघ, उमेदवारानं मतदाराला साधा चहा पाजला तरी ती लाच ठरते. कुणी तक्रार केली तर उमेदवारीच रद्द! डोक्यात पक्कं बसव. आणि हो, पाच कप चहा टाक, मंडळी आलीत.”

“बसवलं हो,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली, तेव्हा तिनं दारातच हात जोडले. “भावजी, रागावू नका. तुम्ही सगळे याच वॉर्डातले मतदार. चहा दिला तर माझी उमेदवारी जायची.”

मंडळी आल्या पावली परतली. छापखानेवाल्याचा चेहरा एवढासा झाला. धडा त्यानंच तर पढवला होता. शेवटी हात धुऊन तो टेबलाशी येऊन बसला.

“बरं, आता वाढ तरी. पोटात कावळे ओरडतायत.”

तिनं आपलं ताट वाढून घेतलं, समोर बसली आणि पहिला घास मोडला.



“अहो, मतदार यादीत तुमचंही नाव आहे ना?”