अडकलेलं उत्तर

"वाट बघायचीच नाही," धाकटा म्हणाला. "उत्तर आलं रे आलं की पुढे. विषय संपला."

समोरच्या बाइंडरने मान डोलावली. धाकट्याची ताई छापखान्यात प्रुफं वाचायची, आणि तिथेच हा पुस्तकं बांधायचा. आज तो शहर सोडून चालला होता. सामान खाली टॅक्सीत होतं, आणि निरोप घ्यायला म्हणून तो जिने चढून वर आला होता. आल्यापासून खुर्चीच्या अगदी कडेवर बसून होता. धाकट्याचं तिकडे लक्षच नव्हतं. कित्येक महिने डोकं खाणारं त्याचं सर्किट आज दुपारी ताळ्यावर आलं होतं, आणि ऐकायला आयता माणूस मिळाला होता.

"विजेचा दाब मोजून त्याचा आकडा करायचा, एवढंच त्याचं काम," तो सांगत होता. "पण एका दमात जमत नाही. अंदाजाने एक दाब धरायचा नि विचारायचं, याहून जास्त की कमी? मग थोडं पुढे नाहीतर मागे सरकायचं, परत विचारायचं. आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला सारखाच वेळ द्यायचो. उत्तर चुटकीसरशी आलं तरी आपले घड्याळाकडे बघत उभे. मी ती घड्याळाची भानगडच काढून टाकली. वेग दुप्पट."

"आणि घोडं अडलं तर?"

"अडतं ना. धरलेला दाब नि खरा दाब अगदी सारखे असले की त्याचं ठरतच नाही. मग जरासं थांबायचं, आणि आपणच एक उत्तर धरून चालू पडायचं. चुकलं तरी फरक शेवटच्या अंकाचा. कुणाला कळतसुद्धा नाही."

स्वयंपाकघराच्या दारात ताई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. ती हसली. ताई लहानपणापासून बोलताना अडखळायची. तिचा शब्द अडला की पुढचं वाक्य धाकटा पुरं करायचा, दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर. नातेवाईक कौतुक करायचे, बहिणीची जीभ भावाच्या तोंडात आहे म्हणायचे. त्याला ते फार आवडायचं. तिला आवडतं का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर बहुतेक त्यानेच दिलं असतं.

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. बाइंडर उठला, दारापर्यंत गेला, आणि ताईकडे वळला.

"तिकडे दोन खोल्या घेतल्यात," तो म्हणाला. "एकट्याला जास्तच होतील." पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "जागा लावून झाली की तुम्हाला न्यायला येऊ का? कायमचं म्हणतोय मी."

ताईचा चेहरा लाल झाला.

"न…" ती म्हणाली. "न… न…"

तिच्या मानेची शीर ताठ झाली. खाली पुन्हा हॉर्न वाजला. धाकट्याला तिच्याकडे बघवेना. परक्या माणसासमोर तिची अशी ओढाताण झाली की त्याचाच जीव कासावीस व्हायचा.

"नको म्हणतेय ती," तो म्हणाला. "घर सोडून तिला कुठे करमत नाही हो. राग मानू नका."

एरवी जेवणाच्या सुट्टीत ताईचं एकेक वाक्य पुरं होईपर्यंत हाच माणूस हातातला घास हातात धरून बसत असे. आज त्याला तेवढा धीर नव्हता. नकाराची तयारी करूनच तो आला असावा.

"नाही, नाही, राग कसला," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं." आणि अपराध्यासारखा भराभर जिना उतरू लागला.

ताई होती तिथेच उभी होती. तिचे ओठ अजून मिटले नव्हते.

"…क्की," ती म्हणाली.

धाकट्याला आधी काही कळलंच नाही. मग त्याने दोन्ही तुकडे जोडले: नक्की. ताईला पुढे शिकायचं नाही, हेही शाळेत मास्तरांना त्यानेच सांगितलं होतं. तेव्हाही ती असंच काहीतरी म्हणत होती.

तो अनवाणीच बाहेर धावला. दोन पायऱ्या उतरला आणि थबकला. निदान आता तरी विचारायला हवं होतं.

"ताई, परत बोलावू त्यांना?"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"न…"

धाकट्याने ओठ घट्ट मिटून घेतले. दोन्ही शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. त्यातला तिचा कोणता, हे त्याला ठरवता येईना.

खाली टॅक्सीचं दार लागलं. इंजिन सुरू झालं.

"न…" ताई म्हणाली.

तो थांबून राहिला.