नुसतं दार लावून घ्या

दुसरी घंटा झाली तरी पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची रिकामीच होती. नूपुर विंगेतून सारखी तिकडे बघत होती.

"येतील गं काका," अभय म्हणाला. तो मेकअप करून तयार होता. "घोडपदेव ते परळ, कितीसं लांब?"

"दुपारी झोपतात ते."

एकांकिका नूपुरनेच लिहिली होती आणि तिनेच बसवली होती. दोन महायुद्धांच्या मधली जर्मनी, एक लहानसं गाव, एका इमारतीतली चार बिऱ्हाडं. त्यातला एक बेकरीवाला नव्या पक्षाचा पुढारी होतो आणि तळमजल्यावरच्या ज्यू घड्याळजीला शेजारीच घराबाहेर काढतात. बेकरीवाला अभय करत होता. स्पर्धेत नंबर मिळाला तर नूपुरला हवाच होता, पण हे सगळं तिने लिहिलं होतं एका माणसासाठी, आणि नेमका तोच अजून आला नव्हता.

जयवंत परब, म्हणजे तिचे बाबा. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून सोसायटीचे सेक्रेटरी. चौथ्या मजल्यावरची एक जागा विकायला निघाली होती आणि ती हसन मुकादम घेणार होते. हसनकाका बाबांचे जिवलग. संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनीच बाबांना रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लावून घेतलं होतं. आई हॉस्पिटलात होती तेव्हा नूपुरच्या वेण्यासुद्धा हसनकाकांची बायको, काकीच घालायची. आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज काहीबाही येत होतं. ती जागा त्यांना द्यायची की नाही यासाठी दोनदा पुढे ढकललेली मीटिंग या रविवारी होती आणि बाबा धड काहीच बोलत नव्हते.

"हसन आपलाच गो," एवढंच म्हणायचे. "पण लोक नको म्हणतायत. लोकांचं काय करायचं?"

बाबांच्या शब्दाला वजन होतं. ते उभे राहून बोलले असते तर निम्मे लोक खाली बसले असते. त्यांनी बोलावं एवढ्यासाठीच नूपुरने हा सगळा खटाटोप मांडला होता.

तालमीत अभय पुढाऱ्याचं भाषण ओरडून करायचा. तिने पहिल्याच दिवशी त्याला थांबवलं होतं.

"ओरडू नकोस."

"अगं, व्हिलन आहे तो!"

"त्याला कुठे माहितीये? ओरडणारे ते रेडिओवर. गल्लीत हे लोक शेजारी म्हणूनच आले. घरातल्या मोठ्या माणसासारखं बोल. माझे बाबा बोलतात ना, तसं."

"आणि पब्लिकला पटलं तर?"

"पटलंच पाहिजे. मग घड्याळजी सामान घेऊन निघतो ना, तेव्हा आपलीच लाज वाटेल."

तिसऱ्या घंटेला बाबा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. अंधारात चाचपडत खुर्चीत बसले. नूपुरला हायसं वाटलं.

नाटक सुरू झालं. विंगेतून प्रेक्षक दिसत नव्हते. भाषणाच्या वेळी मात्र तिने प्रेक्षागृहातले दिवे लावायला सांगितले होते, कारण प्रेक्षक म्हणजेच त्या इमारतीतली माणसं. दिवे लागले. अभयने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"घड्याळजी वाईट आहे असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या लग्नात नाचलाय तो. कुणाचा द्वेष करू नका. कुणाला हात लावू नका. पण घर आपलं आहे, घरात आपली माणसं असावीत, यात पाप कसलं? नुसतं दार लावून घ्या. हळूच. आवाजसुद्धा व्हायला नको."

नूपुरने बाबांकडे पाहिलं. ते पुढे झुकून ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले.

आई गेली तेव्हासुद्धा बाबा चारचौघांत रडले नव्हते. नूपुरला भरून आलं. पोचलं, ती स्वतःशीच म्हणाली. तेवढ्यात दिवे गेले आणि घड्याळजी सामान बांधू लागला.

नाटक संपल्यावर बाबा आत आले. अभयचे दोन्ही हात त्यांनी धरून ठेवले. नूपुरच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

दोघं लालबागवरून चालतच घरी निघाली. मिरच्या कांडतात त्या दुकानांपाशी दोघांनाही शिंका आल्या आणि दोघंही हसली. किती दिवसांनी बाबा असे हसत होते.

"बाबा, रविवारी…"

"बोलणार मी," बाबा म्हणाले. "आजवर जीभच उचलत नव्हती. लोकांना दुखवायचं नाही, हसनला दुखवायचं नाही, मग बोलायचं काय? आज तुझं नाटक बघितलं आणि सुटलं सगळं."

नूपुरने त्यांचा दंड घट्ट धरला. नंबर नाही आला तरी चालेल, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"हसनकाकांना फोन करून सांगू?"

"नको. मीटिंग होऊ दे. मग मी स्वतः जाईन त्याच्याकडे. समोर बसून बोलीन."

टॉवरच्या गेटपाशी बाबा थांबले. जरा लाजलेच.

"एक काम करशील? ते अभयचं दार लावून घ्यायचं भाषण मला मोठ्या अक्षरात लिहून दे. जर्मनीबिर्मनी काढून टाक. मला काय तुझ्यासारखं बोलता येत नाही. किती मायेनं लिहिलंयस गो, हसनलासुद्धा वाईट नाय वाटणार."