ही गंमत नाही

खाली हशा पिकला, तशा काकू पडद्याआड सरकल्या. नवी पाटी लोकांना आवडली होती. गॅलरीच्या कठड्याला, पिवळ्यावर काळ्या ठसठशीत अक्षरांत ती लटकत होती: 'रस्ता पुन्हा खोदला आहे. काय हरवलंय ते सांगा, आम्हीही शोधू लागतो.' कुणी मोबाइल वर धरला. कुणी म्हणालं, "म्हातारी भारी आहे हं!" मग सगळे आपापल्या वाटेला लागले. काकूंनी गॅसवर दोन कप पाणी ठेवलं होतं, त्यातलं एक कप ओतून टाकलं.

काकू आणि त्यांचा नवरा मिळून दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चित्रं त्याची, अक्षरं हिची. नवऱ्याला सगळे पेंटरच म्हणत, काकूसुद्धा. पेंटर गेला आणि मागे उरले रंगाचे डबे, ब्रश आणि खायला उठणाऱ्या दोन खोल्या. शेजारीपाजारी चार दिवस येऊन गेले, मग कुणी फिरकेना. 'या हो, बसा घटकाभर' असं तोंडाने म्हणणं काकूंना जन्मात जमलं नव्हतं. मेला संकोच! ब्रश हातात आला की मात्र जीभ सुटायची. म्हणून त्या पाट्या रंगवून गॅलरीला लावू लागल्या. हसायला थांबलेल्यांतलं एखादं माणूस तरी जिना चढेल, एवढीच त्यांची आशा होती.

पण लोक कसले वस्ताद! 'भांडायला जोडीदार पाहिजे. अनुभव असल्यास उत्तम' हे वाचून हसले. 'एकटीपुरता स्वयंपाक जमत नाही. उरलेलं संपवणाऱ्यांचे आगाऊ आभार' हे वाचून तर एकाने हसता हसता सायकल भिंतीवर नेली. जिना कोणी चढलं नाही.

मग त्यांनी लिहिलं, 'मुलगा फोन करतो. मी उचलते. तो ठेवतो.' आणि परगावी राहणाऱ्या मुलाचा खरंच फोन आला.

"आई, अगं तुझी पाटी इथवर पोचली! अख्खं ऑफिस हसतंय."

"आणि तू?"

"मी पण! काय एकेक सुचतं गं तुला! बरं, ठेवू? मीटिंग आहे."

काकूंनी फोन बाजूला ठेवला. मग उठल्या, त्या पाटीवर रागारागाने पांढरा रंग फासला आणि वाळल्यावर विनोदबिनोद बाजूला ठेवून सरळ लिहिलं: 'वर या. बोलायला कोणी नाही. ही गंमत नाही.' उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांची ओळ तिरकी गेली.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जी काही खसखस पिकली म्हणता! "'ही गंमत नाही' म्हणे! आजवरची सगळ्यात भारी!" तिरकी ओळ तर लोकांना खासच आवडली. काकूंनी सकाळीच टेबलावर दोन कप मांडले होते. संध्याकाळ झाली तरी ते कोरडेच होते.

आता मात्र काकूंचं डोकं फिरलं. पायात चपला अडकवून त्या तरातरा जिना उतरल्या आणि तळमजल्यावरच्या शिंपिणीच्या मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. पेंटर होता तेव्हा ही बाई दिवसाआड वर यायची.

"लोकांचं सोड गं, पण तू? तू कधीपासून इतकी परकी झालीस?"

शिंपिणीचा पाय मशीनवरच थांबला. "परकी कसली, काकू? आले होते की मी. किती वेळा आले. आज दुपारीसुद्धा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरले."

"मग घोडं कुठे अडलं?"

शिंपिणीने काकूंचा हात धरला, त्यांना त्यांच्याच घरी जाणाऱ्या जिन्याच्या दाराशी नेलं आणि दार ओढून घेतलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी पाटी होती. धुळीने अक्षरं मळली होती, पण वाचता येत होती: 'दार वाजवू नये. आतलं माणूस झोपलंय. उठवलंत तर चावेल.'

पेंटर अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला हसवायला म्हणून काकूंनी ती रंगवली होती. तो खोकला येईस्तोवर हसला होता. स्वतःच म्हणाला होता, लाव दारावर. मग रोज येता-जाता त्यांनी ते दार पाठीमागे लोटलं, आणि पाटी त्यांच्या डोळ्यांना दिसेनाशीच झाली.

"काका होते तोवर आम्ही वाचून हसायचो आणि खुशाल दार वाजवायचो," शिंपीण म्हणाली. "ते गेले तरी तुम्ही काढली नाहीत. मला वाटलं, आता काकूंना कोणी यायला नको असेल. मग कशी वाजवू?"

काकूंनी पदराने धूळ पुसली. हसू येत होतं की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना.

"तुझ्या मशीनचा स्क्रू ड्रायव्हर आण," त्या म्हणाल्या. "आणि मग चल वर. कप मांडलेलेच आहेत."

स्क्रू गंजले होते. दोघींनी आळीपाळीने जोर लावला. निव्वळ गंमत म्हणून काकूंनी उभ्या आयुष्यात ही एकच पाटी रंगवली होती, आणि लोकांनी खरी मानली ती नेमकी तेवढीच.