सुगंधाचं टायटॅनियम

मूलद्रव्यांच्या प्रदर्शनात तांब्याची तार, जस्ताचा पत्रा, ॲल्युमिनियमचं पातेलं मांडलं होतं. शेजारी खुर्चीत धोंडीबा. नातीने, सुगंधाने, त्यांना टायटॅनियम म्हणून हातगाडीवर घालून शाळेत आणलं होतं. गुडघा बदलून दोन महिने झाले, तरी 'मी भंगारात निघालो' म्हणत त्यांनी खाट सोडली नव्हती.

"आजोबांच्या गुडघ्यात आहे तोच धातू विमानात वापरतात," सुगंधा परीक्षकांना सांगत होती. "हलका, मजबूत, गंजत नाही."

"आमचं विमान संडासापर्यंतच उडतं," धोंडीबा म्हणाले. पोरं खिदळली.

परीक्षक हसले नाहीत. "धातू दिसत नाही. गुण कशावर द्यायचे?"

सुगंधाचा चेहरा उन्हातल्या मेथीसारखा कोमेजला. ते बघून धोंडीबांनी काठी भिंतीला टेकवली, धोतर गुडघ्यावर घेतलं आणि आधाराविना सहा पावलं टाकत परीक्षकांसमोर उभे राहिले.

"काढून दाखवतो, साहेब. मग मला घरी खांद्यावरून तुम्ही न्यायचं."